पत्र्याच्या पाकिटांतलें इंजिन
(नभोवाणीवरील भाषण)

गेल्या वर्षीं श्रावणांत माझ्या नांवानें लीड्सहून एक पार्सल आलें. माझा भाचा तेथें नोकरीस असतो. पार्सल शाळकरी मुलाच्या जेवणाच्या डब्याएवढें होतें. विलायतेहून आगगाडीचें इंजिन यावयाचें आहे ही वार्ता अगोदरच फुटली असल्यामुळें घरांतील सर्व मंडळी भोंवतीं जमली. मीं झांकण काढलें. आंत इंजिन नव्हतेंच. पितळेचे पातळ पत्रे, त्यांवर जाळीसारखी कोरलेली नक्षी, पांढऱ्या धातूच्या ओतीव तुकड्यांची एक पुडी, कांहीं चाकें, तारेचे तुकडे, बोटाच्या पेराएवढी एक विजेची मोटर आणि बारीक टाइपांत छापलेली सूचनापत्रिका, एवढेंच काय तें निघालें. माझी नात जरा वेळ पाहत राहिली व म्हणाली, "आजोबा, हे तर तुटलेलं आलंय!"

तिची समजूत घालावयास मला एक मिनिट लागलें. त्या पत्र्यांचें इंजिन करावयास मात्र सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मीं काय केलें, काय बिघडविलें आणि बिघडलेलें कोणीं दुरुस्त करविलें, याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

आमचें बिऱ्हाड पडेगांवांत आहे. छत्रपति संभाजीनगरची छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्यास लागलें म्हणजे हें गांव लागतें. आतां तें शहराचेंच एक अंग झालें आहे. रात्रीं सर्वत्र सामसूम झाली म्हणजे लांबवरच्या लोहमार्गावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज आमच्या गच्चीवर ऐकूं येतो. हा मार्ग निजामाच्या राज्यांत १९०० सालच्या सुमारास झाला. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे हें त्याचें नांव, आणि मनमाडपासून हैदराबादेपर्यंत त्याच्या दोन रुळांतील अंतर एक मीटर. १९९० नंतरच्या दशकांत आमच्या भागांतील तो मार्ग रुंद मापाचा झाला, आणि मीटर मापाचीं वाफेचीं इंजिनें दिसेनाशीं झालीं. त्यांपैकीं वाय-पी जातीचें इंजिन माझ्या तरुणपणाचें. १९४९ ते १९७० पर्यंत अशीं ८७१ इंजिनें बांधलीं गेलीं. तेंच इंजिन लहान आकारांत आपल्या हातानें बांधावें, अशी माझी प्रथम इच्छा होती. परंतु त्याचा संच मला कोठें मिळाला नाहीं, आणि संचावांचून, केवळ नकाशावरून बांधण्याचें कसब माझ्या हातीं नव्हतें.

या नादाचें बीज पुण्यास पडलें होतें. कोथरूड भागांत भाऊ जोशी यांनीं जन्मभर जपलेल्या छंदांतून उभें राहिलेलें छोट्या आगगाड्यांचें एक संग्रहालय आहे. तें १९९८ पासून लोकांस पाहावयास खुलें झालें. नातीला घेऊन मी तेथें गेलों होतों. खोलीभर पसरलेल्या त्या चिमुकल्या गांवांतून गाड्या धांवूं लागल्या, सिग्नल पडूं लागले, तेव्हां नात टाळ्या पिटीत होती, आणि मी मात्र इंजिनाच्या चाकांस जोडलेल्या दांड्यांकडे पाहत होतों. तीन चाकें एका दांड्यानें बांधलेलीं, आणि तरीहि तीं अडत नाहींत, हें कसें? या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांत मिळालें असतें. परंतु तें हातानें शोधावें असें मनानें घेतलें.

आतां या संचांतील इंजिन कोणतें, तें सांगितलें पाहिजे. कारण तें इंग्लंडचें असलें तरी त्याचें मूळ आपल्या सोलापूर जिल्ह्यांत आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नांवाचा एक इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्यें जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीसाठीं हिंदुस्थानांत आला. मोठा लोहमार्ग बार्शीस वळसा घालून गेला होता, आणि बार्शीची पेठ तर धान्यानें व कापसानें भरलेली. तेव्हां अडीच फूट रुंदीचा एक हलका मार्ग बांधावा, असें त्यानें योजिलें. अशा मार्गास हलके रूळ पुरावेत म्हणून त्यानें एक नियम घालून घेतला: इंजिन असो वा डबा असो, कोणत्याहि एका आंसावर पांच टनांपेक्षां अधिक भार पडतां कामा नये. इंजिन जड हवें असेल तर त्याचे आंस वाढवा, असें त्याचें म्हणणें. लीड्सच्या किटसन कारखान्यानें त्याप्रमाणें इंजिनें बांधून दिलीं, आणि १८९७ मध्यें बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. पुढें ती १९०६ मध्यें पंढरपूरपर्यंत, १९११ मध्यें लातूरपर्यंत आणि १९२७ मध्यें मिरजेपर्यंत पोंचली. आषाढी-कार्तिकीच्या किती वारकऱ्यांना तिनें चंद्रभागेच्या तीरीं नेऊन पोंचविलें असेल!

बार्शीचा हा प्रयोग यशस्वी झाल्यावर इंग्लंडांत स्टॅफर्डशायरमधील डोंगराळ खोऱ्यांत तसाच एक छोटा मार्ग बांधण्याचें ठरलें, आणि इंजिनिअर म्हणून बोलावणें आलें तें कॅल्थ्रॉपला. लीक अँड मॅनिफोल्ड असें त्या मार्गाचें नांव. १९०४ मध्यें तो सुरू झाला. त्याच्यासाठीं किटसननेंच दोन इंजिनें बांधलीं. मार्गाची रुंदी बार्शीचीच, अडीच फूट. आणि दिवा इतका मोठा कीं, तो इंग्लंडच्या गाईमेंढरांच्या कुरणांतून जाण्यासाठीं नसून माळरानाच्या काळोखांतून धांवण्यासाठीं असावा, असें वाटे. दोहोंपैकीं एका इंजिनास खुद्द कॅल्थ्रॉपचेंच नांव दिलें होतें. १९३४ मध्यें तो मार्ग बंद झाला आणि दोन्ही इंजिनें मोडींत गेलीं. आज त्यांतलें एकहि शिल्लक नाहीं. परंतु त्यांची आवड कांहीं मंडळींना इतकी, कीं त्यांच्या लहान प्रतिकृतीचे संच निघाले. वाय-पी मिळत नाहीं, तर बार्शीच्या या विलायती भावंडास घरीं आणावें, असें मीं ठरविलें.

आतां प्रमाणाविषयीं थोडेंसें. या संचांत खऱ्या इंजिनाच्या एका फुटास चार मिलिमीटर धरले आहेत; म्हणजे सुमारें ७६ पटीनें लहान. खऱ्या इंजिनाचीं मोठीं चाकें अडीच फूट व्यासाचीं, तीं येथें दहा मिलिमीटरचीं झालीं. याच हिशोबानें रुळांतील अंतरहि दहा मिलिमीटर हवें. परंतु बाजारांत तयार मिळणारे छोटे रूळ नऊ मिलिमीटरचे असतात, म्हणून संच त्यांवर बेतलेला असतो. हा एक मिलिमीटर खऱ्या मार्गावर तीन इंच होतो! सुरुवातीस मला ही लबाडी फार खुपली. पुढें कळलें कीं, प्रतिकृति करणाराला अशा कांहीं तडजोडी उघड्या डोळ्यांनीं कराव्याच लागतात. कोणती तडजोड चालेल आणि कोणती मुळींच चालणार नाहीं, हें ओळखणें हीच या कामांतील खरी विद्या. ती विद्या मला तेव्हां नव्हती, हें लौकरच दिसून आलें.

पितळेच्या पत्र्यांवरील नक्षी हा एक सुंदर प्रकार आहे. पत्र्यावर प्रकाशास संवेदनशील असा लेप देऊन त्यावर दोन्ही बाजूंनीं भागांचें चित्र उमटवितात. मग ज्या ठिकाणीं लेप राहिलेला नाहीं तेथील पितळ द्रावणानें खाऊन काढतात. दोन्ही बाजूंनीं खाल्लें म्हणजे आरपार फट पडते. एकाच बाजूनें खाल्लें म्हणजे पत्रा तेवढ्या रेषेवर निम्मा पातळ होतो. या पातळ रेषेवर पत्रा दुमडावयाचा. रेष दुमडीच्या आंतल्या अंगास ठेवली म्हणजे कोपरा कसा पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखा नीट बसतो. खऱ्या इंजिनाच्या टांकीवर रिव्हेटांच्या ज्या ओळी दिसतात, त्या देखील अशाच. पत्र्याच्या मागील बाजूस बारीक खळगे असतात. त्यांत बोथट सुई ठेवून हलकेच दाबलें कीं पुढील बाजूस मोहरीहूनहि लहान असा फुगवटा उठतो. एका रात्रींत मीं एका टांकीचे रिव्हेट उठविले, आणि दुसऱ्या दिवशीं डोळ्यांस विश्रांति दिली.

मग झाळकाम. या कामीं माझी पत्नी माझी गुरु झाली. मीं पहिला सांधा केला तेव्हां कथील नुसतेंच गोळ्या होऊन घरंगळलें. ती पाठीमागें उभी होती, म्हणाली, "अहो, आमच्या लहानपणीं कल्हईवाला आधीं भांडं घासायचा, मग तापवायचा, मग नवसागर टाकायचा, आणि तेव्हां कुठं कथील. तुम्ही एकदम कथीलच लावतां आहांत." अगदीं खरें होतें. पितळ स्वच्छ घांसलेलें हवें, गंज खाणारा द्रव आधीं लावलेला हवा, आणि उष्णता कथलाला न देतां पितळाला द्यावयास हवी. पितळ पुरेसें तापलें कीं कथील आपण होऊन सांध्यांत धांवतें, जसें पाणी मातीच्या ढेकळांत धांवतें. शिवाय एका जागीं एकच झाळ चालत नाहीं. मुख्य सांध्यांस जी झाळ लागते ती १८५ अंशांच्या आसपास वितळते. त्यांच्या शेजारीं बारीक भाग बसवितांना तीच वापरली तर आधींचा सांधा सुटतो, म्हणून तेथें १४५ अंशांस वितळणारी वापरावयाची. आणि धुराडें, दिवा वगैरे ओतीव भाग तर इतक्या मऊ धातूचे कीं, त्यांना ७० अंशांची झाळ लागते. ती पुन्हां पितळास धरत नाहीं. म्हणून पितळास आधीं नेहमींच्या कथलाची कल्हई करून घ्यावी लागते. एके दिवशीं मीं या क्रमांत घाई केली, आणि ओतीव दिव्याची एक कड पाहतां पाहतां मेणासारखी वितळून गेली. जो दिवा पाहून मला बार्शीचें माळरान आठवत होतें, तोच! ती कड मीं पुढें कथलानें भरून कानशीनें घडविली. जाणत्याला ती आजहि दिसेल.

वैशिष्ट्यपूर्ण अशा आमच्या हवेनेंहि आपला वांटा उचलला. उन्हाळ्याच्या तोंडीं पंखा लावावा तर मोहरीएवढे भाग उडून जात. न लावावा तर घामाचा थेंब पत्र्यावर पडे. एकदां ऐन झाळ वितळण्याच्या वेळीं वीज गेली. एकदां हातकठड्याची एक पितळी गुंडी चिमट्यांतून निसटली ती शहाबादी फरशीवर कोठें गेली तें कळेना. दोन दिवसांनीं केर काढणाऱ्या बाईंनीं ती सुपलींतून उचलून माझ्या हातावर ठेवली व विचारलें, "साहेब, हे तुमच्या गाडीचं का?" त्यांची दृष्टि माझ्या भिंगाहून तीक्ष्ण ठरली.

परंतु हीं सारीं लहान विघ्नें. मुख्य संकट आलें तें चाकांचें.

वाफेच्या इंजिनांत सिलिंडर दोन असतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. वाफ दट्ट्याला पुढें-मागें ढकलते, आणि दांड्याच्या साह्यानें चाकाची भुजा फिरते. परंतु दट्ट्या अगदीं टोंकाशीं गेला म्हणजे दांडा व भुजा एका रेषेंत येतात, आणि तेथून ढकलण्यांत कांहीं अर्थ उरत नाहीं. विहिरीच्या रहाटाचा हात अगदीं वर आला असतां सरळ खालीं दाबला तर तो फिरत नाहीं, तसेंच हें. म्हणून दोन्ही बाजूंच्या भुजा एकमेकींशीं काटकोनांत बसवितात. एक बाजू निरुपायी झाली कीं दुसरी ऐन जोरांत असते. आमच्या या छोट्या इंजिनांत वाफ नाहीं. मोटर एकच आंस फिरविते, आणि बाकीचे दोन आंस बाजूच्या जोडदांड्यांनीं त्याच्या मागें फिरतात. या जातीच्या इंजिनांत चौकट चाकांच्या बाहेर असते, म्हणून भुजा आंसांच्या बाहेरच्या टोंकांवर वेगळ्या बसवाव्या लागतात. तीन आंस, सहा भुजा. मीं त्या डोळ्यांच्या अंदाजानें काटकोनांत बसविल्या, जोडदांडे अडकविले, आणि मोटरीस वीज दिली.

इंजिन चालूं लागलें; पण लंगडत. चाकांच्या प्रत्येक फेऱ्याला तें एकदां अडे, कण्हे आणि पुन्हां सुटे. सूचनापत्रिका पुन्हां वाचली. मग एक उपाय सुचला: जोडदांड्यांचीं भोकें कानशीनें किंचित् मोठीं करावीं, म्हणजे सैल होऊन दांडे अडणार नाहींत. तसें करण्यास मीं कानस हातीं घेतली देखील.

आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ आपल्या मुलाकडे राहतात. गल्लींतील सारेजण त्यांना नाना म्हणतात. तारुण्यांत ते बार्शी लाइनच्या इंजिनांवर फिटर होते, एवढें मला ऐकून ठाऊक होतें; परंतु मधुमेहानें त्यांची दृष्टि फार मंद झालेली, म्हणून हें चिमुकलें काम त्यांना काय दाखवावें, असें मला वाटे. त्या संध्याकाळीं ते नातवाचा हात धरून सहज आमच्याकडे आले. मी मोटर चालवून पाहत होतों. ते खुर्चीवर बसले, मान तिरपी केली आणि म्हणाले, "सर, हे इंजिन लंगडतंय."

मीं म्हटलें, "होय नाना. भोकें जरा मोठीं करतों, म्हणजे थांबेल."

"थांबणार नाही. झाकलं जाईल." ते म्हणाले. "एका बाजूचा रॉड काढा आणि चालवा."

मीं उजवा जोडदांडा काढला. इंजिन लोण्यासारखें चाललें.

"आता तो लावा, आणि दुसऱ्या बाजूचा काढा."

तसें केलें. पुन्हां लोण्यासारखें.

"मग रॉडचा काय दोष?" नाना म्हणाले. "रॉड लांब किंवा आखूड असता, तर एकटासुद्धा अडला असता. दोन्ही बाजू एकेकट्या शहाण्या आहेत. दोघी मिळून भांडतात. म्हणजे कोन चुकलाय. एका आंसाचा कोन बाकीच्या दोघांसारखा नाही. भोक मोठं कराल, तर आज चालेल. उद्या रॉड खडखडेल, आणि परवा तुम्हालाच कळणार नाही की मूळ रोग कुठं होता."

श्रोतेहो, मीं आयुष्यभर महाविद्यालयांत शिकविलें आहे. परंतु रोगाचें कारण शोधण्याची इतकी स्वच्छ रीत मला क्वचितच कोणीं शिकविली असेल. डोळ्यांनीं न पाहतां, केवळ कानांनीं, आणि दोन साध्या प्रयोगांनीं त्या गृहस्थांनीं चार शक्यतांतून एक निवडून काढली.

मीं विचारलें, "मग प्रत्येक भुजा अगदीं नव्वद अंशांत कशी बसवूं? इतकें नेमकें साधन माझ्याजवळ नाहीं."

नाना हसले. "नव्वदचा नाद सोडा. एकोणनव्वद झाले तरी चालतील, ब्याण्णव झाले तरी चालतील. पण तिघांचे सारखे पाहिजेत. एक लाकडी ठोकळा घ्या, त्यात आंस ठेवायला खाच करा, दोन खिळे मारा. एक भुजा या खिळ्याला टेकली की दुसरी त्या खिळ्याला टेकली पाहिजे. तिन्ही आंस त्याच ठोकळ्यात बसवा. ठोकळा वाकडा असला तरी तिन्ही सारखेच वाकडे होतील, आणि गाडी सरळ चालेल."

हें ऐकून मी कांहीं क्षण स्तब्ध बसलों. मघांशीं रुळाच्या एका मिलिमीटरविषयीं मीं बोललों तें आपणांस आठवत असेल. कोणती तडजोड चालते आणि कोणती चालत नाहीं, याचें उत्तर या एका वाक्यांत होतें. मापाचा आंकडा थोडा चुकला तरी यंत्र क्षमा करतें. भागांचा एकमेकांशीं मेळ चुकला तर तें क्षमा करीत नाहीं.

परंतु उत्तर कळणें निराळें आणि तें अमलांत आणणें निराळें. भुजा काढावयाच्या म्हणजे तीन आठवड्यांचें काम उलगडावयाचें होतें. आणि आंसांवरून भुजा उपसतांना एखादी वांकली तर तिला पर्याय नव्हता. मी दोन दिवस त्या कानशीकडे आणि त्या ठोकळ्याकडे पाहत होतों. तिसऱ्या दिवशीं नाना स्वतःच आले. ठोकळा त्यांनीं हातांत घेतला, अंगठ्याच्या नखानें खाच चांचपली, आणि "इथं एक कुसळ आहे" म्हणून दाखविली. मग ते पलंगाच्या कडेवर बसले, आणि मी एकेक भुजा उपसूं लागलों.

त्या दुपारीं ते पुष्कळ बोलले. उमेदवारीच्या काळांत उस्ताद भोकांत बोट फिरवायला लावी आणि विचारी, "गोल आहे का?" डोळ्यांनीं पाहून उत्तर दिलें तर टप्पल बसे. इंजिन उघडलें म्हणजे प्रत्येक भागावर खडूनें खूण करावयाची. कारण एकाच जातीच्या दोन इंजिनांचे भागहि झिजून झिजून आपापल्या जागेचे झालेले असतात. बोलतां बोलतां ते थांबले व म्हणाले, "उघडलं ते जोडायचंच, अशी आम्हांला सवय. शेवटचं इंजिन तेवढं आम्ही उघडलं, आणि ते जोडायचं नाही असं कळलं. त्याच्या खडूच्या खुणासुद्धा मी केल्या होत्या."

यावर काय बोलावें तें मला सुचेना. मीं दुसरा आंस ठोकळ्यांत ठेवला.

सायंकाळपर्यंत सहाहि भुजा पुन्हां बसल्या. एक किंचित् वांकली होती ती सरळ करतां आली. जोडदांडे अडकविले, वीज दिली. नाना मान तिरपी करून ऐकत होते. चाकें फिरलीं. कण्हणें नाहीं, अडणें नाहीं. केवळ मोटरीची एक बारीक गुणगुण. नाना एवढेंच म्हणाले, "आता तेल द्या. एक थेंब. दोन नको."

पुढील काम सुरळीत झालें, तरी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. खरें इंजिन सुमारें २७ टन वजनाचें होतें. लांबी, रुंदी व उंची हीं तिन्ही ७६ पटीनें कमी झालीं म्हणजे वजन किती पटीनें कमी व्हावें? ७६ गुणिलें ७६ गुणिलें ७६, म्हणजे सुमारें ४,४०,००० पटीनें. हिशोब केला तर २७ टनांचे उरतात अवघे ६१ ग्रॅम, एखाद्या अंड्याएवढे! इतक्या हलक्या इंजिनाचीं चाकें रुळावर नुसतींच घसरतात, आणि विजेचा स्पर्शहि नीट होत नाहीं. म्हणून टांक्यांत व बॉयलरच्या पोकळींत मीं शिसें भरलें. आंत खरी वाफ कां भरीत नाहीं, असें नातीनें विचारलें. त्याचेंहि कारण हेंच. इंजिन लहान करतांना पाणी ७६ च्या तिहेरी पटीनें घटतें, पण उष्णता जेथून निसटते तो पृष्ठभाग दुहेरी पटीनेंच घटतो. म्हणजे मुठींतल्या पाण्याच्या मानानें थंड होणारें अंग ७६ पट अधिक! मोठ्या चुलीवरील हंडा तासभर गरम राहतो, आणि पळींतलें पाणी पाहतां पाहतां निवतें, तें यामुळेंच. मनुष्य पत्रा लहान करूं शकतो, रिव्हेट लहान करूं शकतो. पाणी आणि अग्नि यांचे नियम मात्र कोणाच्या प्रमाणपट्टीनें लहान होत नाहींत. याहून मोठ्या आकाराचीं, कोळसा जाळून खऱ्या वाफेवर धांवणारीं छोटीं इंजिनें जगांत पुष्कळ आहेत. परंतु वीतीहून लहान इंजिनास बहुधा विजेचाच आश्रय.

माघांत इंजिन पुरें झालें. रंग दिला, दिवा बसविला, त्याची ती घडविलेली कड पुढच्या बाजूस तशीच राहूं दिली. ओट्यावर प्लायवुडाच्या फळीवर रुळांचें एक कडें मांडलें. गल्लींतील मुलें जमलीं. नानांस खुर्ची दिली. मीं नातीच्या हातीं वीज देण्याची कळ दिली.

इंजिन सावकाश निघालें. खऱ्या मार्गावरच्या ताशीं पंधरा मैलांचा वेग येथें सेकंदास नऊ सेंटिमीटरांहून अधिक नव्हे. मुंगीच्या रांगेपेक्षां थोडा जलद, इतकाच. पोरांना तें फारच हळू वाटलें, आणि "अजून जोरात!" असा एकच गलबला झाला. नानांनीं हात वर केला. सारे गप्प झाले. ते ऐकत होते. दोन फेरे झाले, तीन झाले. मग त्यांनीं हात पुढें केला आणि मीं इंजिन थांबवून त्यांच्या तळहातावर ठेवलें. त्यांनीं त्यावरून बोटें फिरविलीं: आधीं चाकें, मग जोडदांडे, मग टांकीवरील रिव्हेटांची ओळ, आणि शेवटीं दिवा. त्या कडेशीं त्यांचें बोट थांबलें.

"इथं वितळलंय," ते म्हणाले.

"होय, नाना."

"चांगलं भरलंय." आणि थोडें थांबून त्यांनीं माझ्या नातीला जवळ बोलाविलें, तिचें बोट धरून जोडदांड्यावर ठेवलें आणि विचारलें, "सांग बरं, सैल आहे की घट्ट?"

श्रोतेहो, असे संच आज पैसे टाकले कीं मिळतात. पत्रे अचूक कोरलेले असतात, सूचना छापलेल्या असतात. परंतु दोन बाजू एकेकट्या शहाण्या असून मिळून कां भांडतात, हें मला मिळालेल्या सूचनापत्रिकेंत छापलेलें नव्हतें. तें आमच्या भिंतीपलीकडे, एका वृद्ध मनुष्याच्या कानांत व बोटांत होतें; आणि त्याला कोणीं विचारलें नसतें तर तें त्याच्याबरोबरच गेलें असतें. आपल्या आळींत, आपल्या चाळींत असे फिटर असतील, गिरण्यांतील जाबर असतील, छापखान्यांतील जुळारी असतील. त्यांच्याकडे जातांना एखादें काम हातांत घेऊन जावें; आणि तें थोडें बिघडलेलें असेल, तर फारच उत्तम.

माझें इंजिन आतां कपाटांत आहे. दर रविवारीं सायंकाळीं तें ओट्यावर निघतें. वीज नात देते; तेल, एकच थेंब, नाना देतात.